डेडलिफ्टला पाठ तयार, पण पंजा सुटतो : पकड कशी वाढवावी?

पारसिकची पायवाट | ८ जून, रात्री १०.५२

नमस्कार. मी कळव्यात राहते. वय ३७, वजन ६१ किलो. सव्वादोन वर्षं झाली, घराजवळच्या जिममध्ये आठवड्यातून तीन दिवस जाते. स्क्वॉट ६५ किलोचे पाच होतात, बेंच ३५. त्याबद्दल काही म्हणणं नाही. घोडं अडलंय ते डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहायला.

चार महिने मी ७५ किलोवर आहे. पाठ आणि पाय कमी पडत नाहीत. बार गुडघ्याच्या वर येतो, मी सरळ होत असते आणि नेमकी तेव्हाच उजव्या हाताची करंगळी उघडते, तिच्यामागून अनामिका. मग बार खाली. स्ट्रॅप्स, म्हणजे मनगटाला अडकवून बारभोवती गुंडाळायचे पट्टे, बांधले की ८५ किलोचे तीन निघतात. म्हणजे ताकद आहे, ती हातापाशी येऊन थांबते.

ट्रेनर म्हणाले, बायकांचे हात लहानच असतात, स्ट्रॅप्स लावा आणि विषय सोडा. मला तो सोडायचा नाही. १०० किलो जमिनीवरून उघड्या हातांनी उचलायचे आहेत. पहिल्या दिवशी रिकामा बार उचलताना माझे हात थरथरत होते, तेव्हापासून हा आकडा मनात आहे.

आतापर्यंत केलेलं : स्प्रिंगचा ग्रिपर कळवा ते दादर लोकलमध्ये रोज दाबते, दीड महिना झाला. आता तो सहज मिटतो, पण बार तसाच सुटतो. घट्टे पडू नयेत म्हणून ग्लोव्हज घालते. घामासाठी एकदा घरातली कॅरमची पावडर लावून पाहिली, त्या दिवशी ७० सुद्धा सुटले.

ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

लोखंडी पहाट | ८ जून, रात्री ११.३०

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला माझं तिसरं वर्ष आठवलं. मी नेरुळला असतो, माझा बार १४० वर असाच सुटायचा.

आधी पावडर. कॅरमची पावडर सोंगटी घसरावी म्हणून असते, टाल्कमचंही तेच. पॉवरलिफ्टर टाल्कम मांडीला लावतात, बार मांडीवरून सरकावा म्हणून. हाताला लागतो तो खडू, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. बऱ्याच जिममध्ये भुकटी चालत नाही, जमीन पांढरी होते. मग लिक्विड चॉक घ्या. त्यात तीच भुकटी अल्कोहोलमध्ये कालवलेली असते, अर्ध्या मिनिटात वाळते आणि सांडत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं, तेव्हा ही चैन समजू नका.

ग्लोव्हज आजपासून बंद. कापड आणि फोम मिळून बार जाड होतो आणि बोटांचा वेढा अपुरा पडतो. घट्टे ग्लोव्हजनी टळत नाहीत, बार कुठे धरता त्यावर ते ठरतं. तळव्याच्या मधोमध धरला की वजन आल्यावर तो बोटांच्या मुळाशी सरकतो आणि वाटेत कातडी चिमटतो. मुळात तिथेच धरा. सरकायला जागा उरली नाही की कातडीही दुमडत नाही. अंघोळीनंतर घट्टे मऊ असताना दगडाने घासून सपाट ठेवा. उंच राहिलेला घट्टाच फाटतो.

आता ग्रिपर. ग्रिपरमध्ये तुम्ही उघडी मूठ मिटता. डेडलिफ्टमध्ये मूठ मिटलेलीच असते आणि वजन ती उघडू पाहत असतं. मिटण्याची ताकद आणि उघडू न देण्याची ताकद या दोन बहिणी आहेत, एक नव्हेत. तुम्ही दीड महिना एकीला जेवू घातलंत आणि काम दुसरीकडून मागताय. धरून ठेवण्याचा सराव धरून ठेवूनच होतो.

मी केलं ते असं. डेडलिफ्टच्या दिवशी शेवटचा सेट झाला की वजन थोडं उतरवून बार रॅकमध्ये गुडघ्याच्या वर ठेवायचा, दोन्ही तळवे आपल्याकडे ठेवून उचलायचा आणि नुसतं उभं राहायचं. १० सेकंदांपासून सुरुवात, २० झाले की अडीच किलो वाढवायचे. असे तीन सेट, आठवड्यातून दोनदा. त्याहून जास्त नको.

आखाडा | ९ जून, सकाळी ६.१५

स्पष्ट लिहितो, राग नसावा. स्ट्रॅप्स कायमचे फेकून द्या. मी तालमीत वाढलो. तिथे दोर चढायचा, मुद्गल फिरवायचं, माती खणायची. पट्टा बांधून कुणी कुस्ती धरत नाही. जे हातात राहत नाही ते तुम्ही उचललेलंच नाही.

दोरीवाला मास्तर | ९ जून, सकाळी ७.४०

आखाडा, दोराबद्दल तुमचं बरोबर. पण ताईंच्या ट्रेनरनी जे म्हटलं त्यावर मला बोलायचंय, कारण ते वाचून मी चहा टाकून लिहायला बसलो.

मी ठाण्यात मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवतो. माझ्याकडे नऊ वर्षांच्या मुली आहेत. त्यांचा पंजा माझ्या पंज्यात बुडतो. त्या मुली स्वतःचं सगळं वजन दोरीवर धरतात, कधी एका हाताने, कधी पायाच्या अंगठ्याच्या आढीने, आणि वर जाऊन आसन लावतात. पुरलेल्या मल्लखांबाला तर आपण एरंडेल लावतो, तिथे तेलकट लाकडावर पकड ठेवायची असते. हात लहान म्हणून पकड नाही, हे माझ्या अनुभवात कधी खरं ठरलेलं नाही. लहान हाताला धरायची वस्तू त्याच्या मापाची लागते, एवढंच.

ताई, पुल-अपच्या बारला लटका. नुसतं लटका. ६१ किलो आयतेच मिळाले. ३० सेकंद झाले की बारवर टॉवेल टाका आणि त्याची दोन टोकं धरून लटका. पहिल्यांदा ५ सेकंदही जमणार नाही, जमेपर्यंत सोडू नका. लोकलची कडी मात्र यात धरू नका, तिथे अंगावर वजन येत नाही आणि गाडीत लटकण्याचे प्रयोग कुणी करू नयेत.

टर्नर रबाळे | ९ जून, दुपारी १.०५

जेवणाच्या सुट्टीत वाचतोय. मी रबाळ्याला एमआयडीसीत लेथवर आहे, बावीस वर्षं. व्यायामाचं ज्ञान बेताचं, पण लोखंडाचं आहे, म्हणून एक विचारतो : तुमच्या जिमचा बार किती मिमीचा आहे?

पुरुषांचा ऑलिम्पिक बार २८ मिमी आणि २० किलो. बायकांचा २५ मिमी आणि १५ किलो. मीराबाई चानू यांनी टोकियोत क्लीन अँड जर्कला ११५ किलो उचलले ते २५ मिमीच्या बारवर. तुमच्यासमोर कुठला ठेवलाय ते आधी पाहा.

व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, नसेल तर बारच्या मधल्या गुळगुळीत भागाला शिवणाचा दोरा एकदा गुंडाळा, जिथे जुळेल तिथे खूण करा आणि पट्टीवर मोजा. ८८ मिमी भरला तर बार २८ चा. साडेअठ्ठ्याहत्तर भरला तर २५ चा.

दुसरं, नर्लिंग बघा. बारवर हिऱ्यासारखी जी खडबडीत जाळी असते ती आम्हीच लेथवर रोलर दाबून पाडतो. तिची टोकं झिजली की बार काकडीसारखा होतो. क्रोमचा थर जाड दिला असेल तर नवीन बारचीही जाळी बुजलेली असते. अंगठ्याचं नख त्यावरून ओढा. खरखर आवाज आला तर जाळी जिवंत आहे.

पारसिकची पायवाट | १० जून, रात्री ९.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. टर्नरदादा, आज दोरा घेऊन गेले होते. तीनदा मोजलं. १००, १०१, १०० मिमी. नख ओढलं, काहीच आवाज नाही.

टर्नर रबाळे | १० जून, रात्री ९.४४

म्हणजे ३२ मिमी. ताई, तुम्ही चार महिने स्वतःला दोष देताय आणि तुमच्या हातात पाइप आहे.

हे चार मिमी कागदावर काहीच नाहीत. पण घेर साडेबारा मिमीने वाढला, म्हणजे लहान हाताचा अंगठा जिथे तर्जनीवर चढून कुलूप लावायचा तिथे आता तो नुसता टेकतो. शिवाय तुमच्या बारची टोकाची नळी मोकळी फिरते का? जाम असेल तर प्लेट हलल्या की सगळा पीळ तुमच्या बोटांत येतो.

लोखंडी पहाट | १० जून, रात्री १०.०२

हे मला सुचायला हवं होतं. दादा, फार मोठी गोष्ट सांगितलीत.

ताई, आता उलटा फायदा घ्या. मुद्दाम जाड दांड्यावर सराव करणारे लोक आहेत, त्यासाठी बारवर चढवायच्या रबरी नळ्या विकत मिळतात. जुने ब्रिटिश पहिलवान थॉमस इंच यांचा प्रसिद्ध डंबेल वजनाला सुमारे ७८ किलोचा, पण त्याची मूठ जवळपास ६० मिमी जाड, त्यामुळे भलेभले पहिलवान त्याच्यापुढे हरले. तुमच्याकडे जाड बार फुकट आहे. धरून ठेवायचे सेट त्यावर करा. खरे जड डेडलिफ्ट मात्र २८ च्या बारवर, कोपऱ्यात एखादा जुना बार पडला असेल तर शोधा.

आणि आखाडादादा, स्ट्रॅप्सबद्दल थोडं वेगळं मत आहे. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत ते चालत नाहीत, बरोबर. पण स्ट्राँगमन नावाच्या ताकदीच्या स्पर्धांत चालतात. एडी हॉल यांचे २०१६ चे ५०० किलो आणि हाफथोर ब्योर्नसन यांचे २०२० चे ५०१ किलो, दोन्ही स्ट्रॅप्स बांधून. ते उचललंच नाही असं कसं म्हणायचं? ताईंनी स्ट्रॅप्स टाकले तर पाठ आणि पाय करंगळीच्या वेगाने वाढतील, म्हणजे अडकतील. हात टिकतो तिथपर्यंत उघडे हात, त्यापुढच्या सेटला स्ट्रॅप्स. रोइंगला (वाकून बार पोटाकडे ओढताना), जास्त रेप्सना (एका सेटमध्ये जास्त वेळा उचलताना) स्ट्रॅप्स. पंजा वेगळा कमवा.

आखाडा | ११ जून, सकाळी ६.०५

५०१ चं माहीत होतं, स्ट्रॅप्स होते हे माहीत नव्हतं. मान्य. पण सवय लागते हे माझं म्हणणं कायम आहे. वॉर्म-अपला कुणी स्ट्रॅप्स बांधताना दिसलं की वाईट वाटतं.

तुर्भेकर | ११ जून, रात्री ११.१५

धागा दोनदा वाचला. माझे वडील वाशीच्या एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते. सगळी हयात ५० किलोच्या गोणी. लहानपणी मला वाटायचं की त्यांच्याइतकी पकड जगात कुणाची नसेल.

आज त्यांना ही चर्चा वाचून दाखवली. ते म्हणाले, "हाताने कोण उचलतो? हाताने गोण फिरवायची, वजन पाठीवर घ्यायचं. जो हाताने ओढत बसला तो चार वर्षांत गेला." गोणीचे दोन कान धरायचे, झटका द्यायचा, गोण पाठीवर, हात लगेच मोकळे. लोखंडी आकडासुद्धा त्याचसाठी, बोटांचं काम वाचवायला. लोखंडी पहाट यांनी स्ट्रॅप्सबद्दल लिहिलं ते त्यांना लगेच पटलं.

पण एक काळजीचं विचारायचंय. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आता पूर्ण सरळ होत नाहीत. मूठ घट्ट वळते, उघडत नाही. पकडीचा व्यायाम जास्त केला तर असं होतं का?

सांधा | १२ जून, दुपारी ३.३०

मी वाशीत फिजिओथेरपिस्ट आहे. तुर्भेकर, आधी तुमच्या वडिलांबद्दल. बोट सरळ न होण्यामागे कण्डरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) अडकणं असू शकतं, तळव्यातला पडदा आखडणं असू शकतं, सांध्याची झीज असू शकते. तिन्हींचे उपाय वेगळे. इथे अंदाज करणं त्यांच्यावर अन्याय होईल. हाताच्या सर्जनला दाखवा. लवकर दाखवा, कारण यातल्या काही गोष्टी वेळ गेला की अवघड होतात.

व्यायामामुळे तसं होईल का, तर नीट केला तर नाही. पण एक चूक मी क्लिनिकमध्ये सतत बघते. बोटांमध्ये स्वतःचे स्नायू नसतात. बोटं मिटणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात असतात आणि तिथून कण्डरांच्या दोऱ्या बोटांपर्यंत येतात. स्नायू काही आठवड्यांत वाढतो, कण्डरा महिने घेते. उत्साहात रोज ग्रिपर, रोज लटकणं, रोज डेडलिफ्ट केलं की कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं. लोखंडी पहाट यांनी आठवड्यातून दोनदा लिहिलंय ते अगदी पाळा.

बोटं उघडणाऱ्या स्नायूंनाही काम द्या. पाचही बोटांभोवती जाड रबरबँड घालून पंजा उघडायचा, २० वेळा, दोन सेट. यात वेळ जात नाही आणि कोपर वाचतं.

आता एक करून पाहा. मनगट पूर्ण खाली वाकवा आणि मूठ घट्ट वळायचा प्रयत्न करा. वळत नाही ना? मिटणाऱ्या दोऱ्या सैल पडतात आणि उघडणाऱ्या ताणल्या जातात. बार धरताना मनगट आत वळवलं की हेच थोड्या प्रमाणात होतं. मनगट सरळ ठेवा.

एक हात पालथा आणि एक उताणा धरायची पद्धत, मिक्स्ड ग्रिप, बार घरंगळू देत नाही हे खरं. पण उताण्या हाताचं कोपर जराही वाकवू नका, दंडाची कण्डरा तिथेच फाटते. वॉर्म-अपला हात आलटूनपालटून घ्या.

पारसिकची पायवाट | १२ जून, रात्री १०.१०

सांधाताई, मनगटाचं करून पाहिलं आणि थक्क झाले. मी खरंच आत वळवते. एक विचारू का? माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. त्यांना गेल्या वर्षापासून लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही. वयाने होतं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

सांधा | १३ जून, सकाळी ११.२०

सोडून देऊ नका. पकड हे सगळ्या शरीराच्या ताकदीचं सोपं माप आहे. २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांचा अभ्यास आला, त्यात भारतही होता. पकड ५ किलोने कमी असली की कुठल्याही कारणाने मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला. पकड कमी असल्यामुळे माणूस जातो असा त्याचा अर्थ नाही. स्नायू ओसरतायत याची खूण हाताला आधी दिसते. आशियाई लोकांसाठी पुरुषांना २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांना १८ किलोपेक्षा कमी पकड असेल तर ती कमी धरतात. डायनॅमोमीटर नावाचं दाबायचं यंत्र असतं, बऱ्याच फिजिओंकडे सापडेल. मोजून घ्या.

त्यांना नुसतं हाताला काम देऊन पुरणार नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ताटात डाळ-अंडी-दूध आणि जोडीला ओला टॉवेल पिळणं. रक्तदाब असेल तर श्वास रोखायचा नाही, पिळताना मोठ्याने आकडे मोजायला सांगा.

लोखंडी पहाट | १९ जुलै, रात्री ९.००

धागा वर काढतोय. ताई, काय चाललंय?

पारसिकची पायवाट | २० जुलै, रात्री १०.३५

लिहायचं राहून गेलं, माफ करा.

जिमच्या मालकांना दोऱ्याची खूण दाखवली. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी माळ्यावरून एक जुना बार काढून दिला. गंजलेला होता. टर्नरदादांना फोटो पाठवला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे पितळेच्या तारेच्या ब्रशने घासला, पातळ तेल लावलं आणि कोरड्या फडक्याने दोनदा पुसून काढलं. घेर ८८ मिमी! नख ओढलं की खरखर ऐकू येते. पहिल्याच दिवशी त्यावर ७७.५ उघड्या हातांनी निघाले. चार महिने अडलेलं वजन, सराव न वाढवता. मी बार खाली ठेवला आणि तिथेच बसून राहिले.

जाड बारवर धरून उभं राहणं ५० किलोवर २० सेकंद. लटकणं ४१ सेकंद. टॉवेलवर ९. रबरबँड ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतो.

हुक ग्रिप सुरू केलीय, अंगठा आधी बारला वेढायचा आणि त्यावर पहिली दोन बोटं. वेटलिफ्टर अशीच धरतात असं वाचलं. ३२ च्या बारवर अंगठा पोहोचतच नव्हता, २८ वर पोहोचतो. पण दुखतं फार. नखाशेजारी निळं झालंय. हे बरोबर आहे का?

लोखंडी पहाट | २० जुलै, रात्री ११.०५

बसून राहिलात हे वाचून इकडे मलाही भरून आलं.

पहिले तीन-चार आठवडे हुक दुखतेच, अंगठ्याचं मांस दबायला शिकतं. पण निळं होत असेल तर घाई होतेय. अंगठ्याला ताणणारी चिकटपट्टी गुंडाळा, ६० किलोपर्यंतच हुक वापरा आणि दर आठवड्याला थोडं वर न्या. अंगठा बारच्या आडवा दाबू नका, बारच्या लांबीच्या दिशेने झोपवा. मुंग्या आल्या किंवा बधिर झालं तर त्या दिवशी थांबा.

आखाडा | २१ जुलै, सकाळी ६.१०

ताई, अभिनंदन. टॉवेलवर ९ सेकंद म्हणजे खेळ नाही.

पारसिकची पायवाट | ५ ऑक्टोबर, रात्री ८.४५

आज ९२.५. हुक ग्रिप, लिक्विड चॉक, स्ट्रॅप्स नाहीत. करंगळी जागची हलली नाही. १०० ला साडेसात किलो उरलेत आणि आता अडतेय ती पाठ. गुडघ्यापाशी बार रेंगाळतो. त्यासाठी वेगळा धागा काढते.

सासूबाईंची पकड जूनअखेर मोजली होती, उजवी १५.५ किलो. काल परत मोजली, १८.५. रोज सकाळी टॉवेल पिळतात, आकडे मोठ्याने मोजतात, शेजारणीही आता येतात. बरणी अजून उघडली नाही. डावा अंगठा मुळाशी दुखतो म्हणतात, पिळताना जास्त. सांधाताई, चालू ठेवू की थांबवू?

सांधा | ५ ऑक्टोबर, रात्री ९.३०

पिळणं थांबवा. अंगठ्याच्या मुळाचा सांधा या वयात झिजलेला असू शकतो आणि पिळताना त्याच्यावरच जोर येतो. तोवर दोन हातांत दोन पिशव्या, प्रत्येकी दोन किलो, घरातल्या घरात चालणं. बंद बोटांत धरायच्या, अंगठा सैल. आणि एकदा घेऊन या, सांधा बघू द्या.